पंख काढण्याबाबत

मी, चर्चला आणि कबरींवर लागणाऱ्या प्लॅस्टरच्या मूर्ती रंगवणारी बाई, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही. डॉक्टरांनी आता आशा सोडली, मी आधीच सोडली होती. हे लिहायला कुणी भाग पाडलेलं नाही. मला भाग पाडणारा अजून जन्मायचाय.

१. राहती खोली आणि बँकेत असेल ते नणंदेला. नवऱ्यामागे तीच माझ्यापाशी राहिली. रोज भांडली, पण राहिली.

२. कुंचले कारखान्यातल्या नव्या रंगारणीला. तिला सांगावं, संत पेत्र कोळी होता, त्याचे हात गोरेपान रंगवू नकोस. आणि गब्रिएल देवदूताचे गाल गुलाबी करू नकोस. तो आल्या आल्या "भिऊ नकोस" म्हणतो, म्हणजे रूप भिण्यासारखंच असणार.

३. धाकट्या जावेला काही नाही. माझी मुलगी तापात गेली तेव्हा ही म्हणाली, "ताई, देवाला एक देवदूत कमी पडला असेल." देवाकडे फौजा आहेत. अब्राहामाने पोराचा बळी द्यायला सुरी उचलली तेव्हा आला ना एक धावत, हात धरायला? आमच्याकडे मी पाण्याच्या पट्ट्या बदलत बसले, कुणी आलं नाही. पुढे फादरनी सांगितलं, माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. ते वेगळे, आपण वेगळे. जावेचं तोंड पडलं. मला बरं वाटलं. म्हणजे माझी पोर अजून तीच आहे.

४. कारखान्यातला माझा वाटा दिराला, पण छोट्या देवदूताचा साचा फोडला तरच. तो चेहरा माझ्या मुलीचा आहे. ती चांगली हिंडतीफिरती असताना नवऱ्याने तिला समोर बसवून केला. ती गेल्यावर दिराने त्याच साच्यातून मूर्ती काढून विकल्या. आज कुणाकुणाच्या पोरांच्या कबरींवर माझी पोर उभी आहे. मी बोलले तर म्हणाला, "वहिनी, लोकांना तोच चेहरा हवा असतो." साचा झिजत गेला. आधी पापण्या गेल्या, मग हनुवटीवरची खोक. साच्यातून गेलेलं मी कुंचल्याने परत आणत होते. आता मी चालले. खोक कुठल्या बाजूला होती, हे दुसऱ्या कुणाच्या ध्यानात नाही. तेव्हा भावजी, फोडा. पाठीमागे रडलात तरी चालेल.

५. साचा नवा असताना काढलेली पहिली मूर्ती माझ्या उशाशी आहे. तिला मी रंग लावला नाही, कुणी लावू नये. ती माझ्या कबरीवर ठेवावी, पण पंख काढून. नवऱ्याची बारीक छिन्नी खिडकीत आहे. दिराने स्वतः काढावेत, त्याचा हात हलका आहे. पाठीकडून हळूहळू काढावेत, आणि नणंदेने डोक्याखाली हात द्यावा, मान नाजूक आहे.

मूर्ती घडवताना नवऱ्याने पोरीला पुठ्ठ्याचे पंख सुतळीने बांधून बसवलं होतं. सारखी म्हणायची, "बाबा, टोचतात, काढा ना." तो म्हणायचा, "थांब गं, नाक होऊ दे, मग काढतो."

नाक झालंय. आता काढा.

सही : माझीच, वाकडी आहे
साक्षीदार : शेजारची शिंपीण (सही), चर्चचा घंटावाला (अंगठा)
ठिकाण : कारखान्यामागची खोली, मूर्तीसमोर
तारीख : तिचा वाढदिवस. आकडा वकिलांनी घालावा, माझा हात थांबतो.