केस कमी, म्हणून गोष्ट अर्धी

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं बाहेरून कळलं (आपल्यात बातम्या हल्ली बाहेरूनच येतात), म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. चार वर्षांच्या अबोल्यानंतरचं हे पत्र आहे. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड. आणि ते लाल पेन आधी खाली ठेव. मुख्याध्यापिका निवृत्त होतात, त्यांचं लाल पेन होत नाही, हे मी जाणून आहे.

पत्रास कारण असं की, आम्ही प्रवासाला निघालो आहोत. आम्ही म्हणजे मी, तुझी भावजय आणि दोन कुत्री. एकाचं नाव वकील, कारण त्याची प्रत्येक गोष्टीला हरकत असते. दुसऱ्याचं पोतं, कारण ते ठेवाल तिथे पडून राहतं. गाडी माझ्या मेव्हण्याची. चाकांवरचं घरच म्हण ना. घर असं आटोपशीर की चहा करायचा तर पलंग मिटावा लागतो, पलंग मिटायचा तर पोत्याला उठवावं लागतं, आणि पोत्याला उठवायचं तर त्याला बिस्किट द्यावं लागतं, ते चहाच्या डब्यामागे ठेवलेलं असतं. पहिल्या दिवशी सकाळचा चहा आम्ही जेवणानंतर घेतला.

अडतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणजे आयुष्य वर-खाली करण्यात गेलं. आडवा प्रवास हा माझा विषय नाही. पण आवाज हा माझा विषय आहे. नुसत्या आवाजावरून लिफ्टचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून मला लांबून बोलावणी यायची, हे तुला ठाऊक आहे (तू कधी कबूल केलं नाहीस, ते सोड). तर निघाल्यापासून तासाभरात गाडीच्या तळातून घर्रर्र असा आवाज यायला लागला. सपाट रस्त्यावर यायचा, खड्ड्यात बंद व्हायचा. असं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी चार वेळा गाडी थांबवली, चार वेळा खाली झोपून सगळे नट आवळले. पाचव्या वेळी मागचं खालचं कपाट उघडलं, तर आत पोतं घोरत होतं. तुझ्या भावजयीला हे पहिल्या वेळीच कळलं होतं म्हणे. मी कामात आहे आणि खुशीत आहे, म्हणून ती गप्प बसली.

आता निघालो कुठे, ते. एका तळ्याकाठी तीन दिवसांचं कथाकथन संमेलन असतं. कोणीही जावं, तंबूत उभं राहावं आणि गोष्ट सांगावी. नियम दोनच. हातात कागद नको, आणि गोष्ट पुस्तकातली नको, घरात ऐकलेली हवी. तुझ्या भावजयीने मला न विचारता माझं नाव कळवून टाकलं. माझ्याकडे घरात ऐकलेली गोष्ट एकच, ती तू ओळखली असशीलच. बाबांची. सुताराची.

(वाटेत तुझ्या गावाचा फाटा लागला. मी वेग कमी केला. वकील खिडकीतून बाहेर बघत होता, पण एकदाही भुंकला नाही. तुझी भावजय माझ्याकडे बघत होती. मग मी वेग वाढवला.)

शुक्रवारी दुपारी माझा नंबर लागला. समोर शंभरेक माणसं, पहिल्या रांगेत काठी टेकून बसलेल्या एक आजी, कडेला हातात घंटा घेतलेल्या संचालिका बाई. सुरुवात झकास झाली. सुताराने गावातल्या प्रत्येक घराला दार करून दिलं आणि स्वतःच्या घराला मात्र गोणपाट लावलं, इथे लोक हसले. मग कोणीतरी निरोप ठेवून दार करायला सांगितलं, नाव सांगितलं नाही, आणि सुतार ते दार पाठीवर घेऊन गावोगाव गिऱ्हाईक शोधत निघाला, इथे लोक पुढे सरकून बसले. शेवटी तो एका घरापाशी येतो आणि तीन वेळा कडी वाजवतो. मी टेबलावर तीनदा टकटक केलं. त्याबरोबर वकील उडी मारून व्यासपीठावर आला आणि जो काय युक्तिवाद सुरू केला! लोकांना वाटलं हे बसवलेलंच आहे. टाळ्या. मी त्याला खाली बसवलं आणि पुढे सांगितलं की, आतून आवाज आला, कोण? हा म्हणाला, सुतार. आतून आवाज आला, उशीर केलास.

आणि ताई, तिथे मी थांबलो. विसरलो नव्हतो गं. मला पुढचं माहीतच नव्हतं! त्रेसष्ट वर्षांचा होईपर्यंत मी समजत होतो की ही गोष्ट मला येते. समोरच्या आजींनी काठी आपटून विचारलं, "मग? आत कोण होतं?" मी ततपप केलं. संचालिका बाईंनी घंटा वाजवली आणि जाहीर केलं की उरलेली गोष्ट रविवारी सकाळी अकरा वाजता. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, त्यामुळे मला काढता पायही घेता येईना.

तेव्हापासून मी एकच विचार करतो आहे की मला शेवट का माहीत नाही. आणि उत्तर सापडलं. रविवारी आईची सकाळची ड्युटी असायची आणि आपले केस बाबांच्या ताब्यात असायचे. मला स्टुलावर, तुला त्यांच्यासमोर पाटावर बसवायचे. कात्री आणि फणी आळीपाळीने चालायची, आणि आपण हलू नये म्हणून गोष्ट. माझे केस दहा मिनिटांत उरकायचे. नेमकं "उशीर केलास" आलं की बाबा माझी मान झटकून म्हणायचे, "पळ आंघोळीला." तुझ्या केसांचा गुंता सुटून दोन वेण्या व्हायला पाऊण तास लागायचा. तेवढ्यात गोष्ट संपत असणार. तू बाहेर यायचीस तेव्हा कधी हसत असायचीस, कधी डोळे पुसत असायचीस. मी एकदा विचारलं होतं, तर तू म्हणालीस, "केस वाढव, मग कळेल." आता डोक्याकडे बघता त्या मार्गाने कळण्याची आशा उरलेली नाही.

संमेलनातल्या लोकांनी मला शेवट पुरवून पाहिले. एक औषधविक्रेते म्हणाले, आत राक्षस होता. एक बसचालक म्हणाले, ते सुताराचं स्वतःचंच घर होतं. तुझी भावजय म्हणाली, आत कोणी नव्हतं, आता झोपा. एकही शेवट बाबांच्या तोंडचा वाटत नाही. आत कोण होतं, ते ऐकून तू कधी हसायचीस आणि कधी रडायचीस असं कसं, हे मला जाणून घ्यायचंच आहे. संमेलन गेलं उडत.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जप.

तुझा,
अर्धी गोष्ट ऐकलेला भाऊ

ता.क. बाबांचं घर आवरताना तू फक्त ती लाकडी फणी मागितली होतीस आणि माझ्या हातून ती हरवली. वर मी म्हणालो, एका फणीसाठी एवढं काय. ते वाक्य मी बोलायला नको होतं. शुक्रवारी संध्याकाळी ते मला नीट कळलं आणि मी गाडीत बसून रडलो. पोतं शेजारी बसून होतं.

आणखी एक ता.क. फणी सापडली. कुठे, ते विचारू नकोस. बरं, सांगतो. कुत्र्यांच्या पिशवीत. कुठल्यातरी खोक्यातून ती तिकडे गेली आणि गेली चार वर्षं पोत्याचे केस तिनेच विंचरले जातात. तीन वेळा साबणाने धुतली आहे. तो तुटलेला दात तेवढा आपल्या वेळचाच आहे.

शेवटचं ता.क. पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. संमेलनातून गाडी मागे वळवली आणि पत्र मी तुझ्या दाराखालून सरकवलं आहे. याआधी दोनदा येऊन, बेल न वाजवता परत गेलो होतो. ही तिसरी वेळ. फणी घेऊन पायरीवर बसलो आहे, वकिलाला गप्प राहायची तंबी दिली आहे. तू आतून "उशीर केलास" एवढंच म्हण. पुढचं मी विचारतो.