पानं आहेत, हात नाहीत

गाणगापूर, २० नोव्हेंबर २००४

ती. गुरुअक्कास, भीमाशंकरचा सा. न. वि. वि.

अत्यंत दुःखानं कळवतो की परवा भर दुपारी थर्माकोलची एक ताटली आमटीसकट उडाली आणि माझ्या टोपीवर येऊन बसली. भाविक दारोदार मधुकरी मागून जेवतात, पुण्य घेऊन जातात, ताटल्या आम्हाला ठेवून जातात. संगमाचा काठ पांढरा झालाय. आणि त्या विकतो कोण? मीच. म्हणून शपथ घेतली, दुकानात आता फक्त पळसाच्या पत्रावळी. थर्माकोल पुरवणारा सोलापूरचा व्यापारी फोनवर हसला. म्हणाला, दत्तजयंतीला रिकामं दुकान घेऊन बसा. तसंच व्हायलंय. पानं हवी तेवढी आहेत, पण लावणाऱ्या बाया ऊसतोडीला गेल्या.

तुझ्याविना घर ठीक आहे. मांजर तेवढं शेजारी राहायला गेलं.

राग असला तर असू दे, लोभ कमी करू नकोस.
तुझा भीमा

पुणे, २८ नोव्हेंबर

चि. भीमास अ. उ. आ.

पानं हिकडं पाठीव, मी लावते म्हणणार होते. महेशकुमार नि सुनबाई आठला जातेत, रात्री येतेत. दिवसभर मी नि टीव्ही. शेजारीण माझ्या बोलण्याला हसायली, म्हणून बोलणंच सोडलं. पण महेश म्हणला, पानं पुण्याला आणायची नि पत्रावळी माघारी न्यायच्या, एवढं डिझेल जाळण्यापरीस थर्माकोल बरं. कंपनीत हेच शिकवतेत. पोराचं खरंय. मला मात्र लई वाईट वाटलं. सुनबाईला सातवा लागलाय, येणं जमणार न्हाई.

मग तूच लाव. आपल्यात गडीमाणूस पत्रावळ लावत न्हाई म्हणून तू शिकला न्हाईस. आता कोण बघायलंय? शिरा खाली, काडी बारीक. चुकलं तर म्हातारी मल्लव्वा हाय.

जिवाला जप, कागदाची काटकसर करू नको.
अक्का

गाणगापूर, १२ डिसेंबर

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

कोण बघायलंय म्हणालीस. सगळं गाव बघायलंय. हॉटेलवाल्या महादेवप्पानं विचारलं, बांगड्या कधी भरायलास? मल्लव्वा चुका काढायला आली, माझं काम बघवेना म्हणून स्वतःच बसली. काल आणखी दोघी म्हाताऱ्या घेऊन आली. दत्तजयंतीला अर्धं दुकान भरेल. उरलेल्या अर्ध्यावर व्यापाऱ्यानं खुशाल हसावं.

संध्याकाळी त्या गेल्या की सगळं एकदम गप्प होतं. तेव्हा तुझा टीव्ही मला इथं ऐकू येतो.

तू गेल्यापासून दुपारी आपलं दार बंदच असायचं. मागणारे पुढच्या घरी जायचे. आज भाकरी थापली. कडा करपल्या, मध्ये कच्ची. एक बाई भिक्षेला आली. मी लावलेल्या वाकड्या पत्रावळीवर तिला ती वाढली. ह्या गावात राहायचं तर घरावर एवढं देणं असतंच. तिनं घेतली नि पुढच्या उंबऱ्याकडं वळली. मी दार लोटलं नाही.

तुझा,
भीमा