साडेतीनचा कॉल

२ फेब्रुवारी, रविवार

आज करी रोडच्या घरात राहायला आले! लग्नाला जेमतेम पंधरा दिवस झालेत, इतके दिवस गावी होतो. सुशांत परवाच जहाजावर रुजू झाला, सहा महिन्यांचा करार. त्यामुळे घरात मी आणि सासूबाई, दोघीच. चाळ पाडून बांधलेल्या टॉवरचा दुसरा मजला. गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या टॉवरची भिंत. दोन इमारतींच्या मध्ये सापडल्यामुळे फोनला घरात रेंज नाहीच, सगळं वायफायवर. मला दादरच्या शाळेत ग्रंथपालाचं काम मिळालंय, सकाळची शाळा, म्हणजे दोनपर्यंत घरी. आईंचे गुडघे गेलेत, त्या खाली उतरत नाहीत. माझ्यासाठी त्यांनी घावणे केले होते. संध्याकाळी सुशांतचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा टॅब टीव्हीला टेकवून दोघींनी त्याला घावणे दाखवून चिडवलं. पोट दुखेपर्यंत हसलो.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून इंटरनेट गेलंय. फोन वायफायला जोडला जातो, रेषा पूर्ण दिसतात, पण खाली ‘इंटरनेट नाही’. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केला. मागची वायर काढून परत खोचली. शेवटी टाचणीने रीसेटचं बटण दाबून पासवर्ड नव्याने टाकला. लाल दिवा जाईना. रस्त्यावर जाऊन केबलवाल्याला फोन केला. दोन-तीन दिवसांत येतो म्हणाला. तिथूनच सुशांतलाही मेसेज टाकला, की घरचं नेट गेलंय. एकच टिक आली. बहुतेक त्याचं जहाज खोल समुद्रात असेल.

१० फेब्रुवारी

दिवा लालच. तरी दुपारी साडेतीनला टॅब वाजला, आणि सुशांत दिसला! चित्र अंधारलेलं, केस ओले. आईंना विचारलं, जेवलीस का. त्या केवढ्या खूश झाल्या. शेजारच्या कुणाचं वायफाय पकडलं असणार.

१२ फेब्रुवारी

रोज साडेतीनलाच येतो कॉल. कुठल्या बंदरात आहात, असं मी विचारलं, तर नुसता बघत राहिला. थंडी वाजते, एवढंच म्हणाला. मागे पाण्याचा आवाज. आईंनी उठून कपाटातली गोधडी काढली आणि टॅबभोवती गुंडाळली. मला आधी हसू आलं. मग नाही आलं.

शाळेतून पाठवलेले माझे सगळे मेसेज अजून एका टिकवरच आहेत.

१४ फेब्रुवारी

केबलवाले कल्पेशभाई आज दुपारी आले. वयस्कर, शांत माणूस. म्हणाले, खालच्या मजल्यावर रविवारी ड्रिल मारताना वायर तुटली आहे. आमची आणि शेजाऱ्यांचीही. नऊ तारखेपासून या मजल्यावर कुणाकडेच काही आलेलं नाही, येणं शक्यच नाही. मी त्यांना कॉलचं सांगितलं. त्यांनी राउटरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं.

ते वायर जोडायला निघाले, तर आई दारात आडव्या.

“रवांदे गो ता तसाच! माझो झील बोलता हा माझ्याकडे.”

झील म्हणजे मुलगा, एवढं मालवणी मला आता कळतं. मी त्यांना धरून आत आणलं. म्हटलं, “आई, जोडू दे त्यांना. मग आणखी स्पष्ट दिसेल तो.”

माझं ऐकलं त्यांनी.

तीन वाजता दिवा हिरवा झाला आणि आईंचा फोन वाजायला लागला. थांबेचना. पाच दिवसांचे मेसेज. जहाजाच्या कंपनीत सुशांतने आईंचाच नंबर दिला होता. रविवारी, नऊ तारखेला, दुपारी साडेतीन वाजता तो डेकवरून समुद्रात पडला. तीन दिवस शोधलं. सापडला नाही.

साडेतीनला आम्ही दोघी टॅबसमोर बसून राहिलो. वाजला नाही.

१८ फेब्रुवारी

माणसं येतात, बसतात, जातात. आई माझ्याशी बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या, तू त्याका गप केलंस.

खरं आहे. पण मग मी कुणाशी बोलत होते चार दिवस? भीती वाटते. आणि लिहायची लाज वाटते, पण मलाही तो कॉल हवाय. लग्नानंतर आम्ही एकत्र राहिलो ते फक्त बारा दिवस.

२० फेब्रुवारी

शाळेत रजेचा अर्ज द्यायला गेले होते, परत यायला चार वाजले. वायर उपटलेली. दिवा लाल.

आई खुर्चीत. टॅब मांडीवर. साडी कोरडी, केस मात्र निथळत होते— डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. केसांबद्दल कुणीच काही बोललं नाही. ओठांवर पांढरं काहीतरी होतं, मी पदराने पुसलं.

मीठ.

२२ फेब्रुवारी

उद्या दादा नाशिकहून न्यायला येणार. टॅब उशीखाली दडपलाय. आजही वाजला. मी उचलला नाही. बराच वेळ वाजत—

वायर तशीच लोंबतेय. जोडायला हात होत नाही.

२३ फेब्रुवारी

साडेतीन. वाजतोय.

एकदाच. फक्त आवाज ऐकेन—

चित्र काळं. पण तोच. म्हणाला, आई पोचली.

दादा आला वाटतं, बेल वाजतेय. उठायला हवं. सुशांत विचारतोय, तू कधी—

मी त्याला म्हटलं, थांब, मी