देवाले अर्पण झालेली सायकल

मु. पो. वरवट बकाल,
ता. २ डिसेंबर १९७४

आदरणीय दयाराममामांस भाचा पंजाबचा सलाम. मामींच्या गुडघ्याले आराम पडला का? माझं म्हणाल तर कमरेच्या वर ठीक आहे, खालचं विचारू नका. सायकल न्याले रविवारी येतो असं तुमचं कार्ड भेटलं. या, आणि इथल्या मंडळीले चार गोष्टी सुनवाच.

मी तुमची सायकल घेऊन सोनाळ्याले निघालो होतो. (तिथं संत्र्याच्या बागेत राखणीचं काम होतं. मालक खवीस, पण संत्री गोड. ते राहू द्या.) इथल्या चर्चजवळ जेवणाचा वास आला म्हणून थांबलो. कापणीचा सण होता. ज्वारीची कणसं, भोपळे, मंडळीतल्या सोजराबाईची तंगड्या बांधलेली कोंबडी, सगळं अर्पण वेदीजवळ मांडलेलं. सायकलले कुलूप नाही (तुम्हीच कधी बसवलं नाही), म्हणून मी ती आत नेऊन भोपळ्यांजवळ भिंतीले टेकवली. पाद्री माणिकरावांनी डोळे मिटून साऱ्यावर प्रार्थना केली, हे सर्व तुझंच आहे म्हणून. मीही सवयीनं आमेन म्हटलं. सायकल देवाची झाली.

मग मंडळीनं उभं राहून वचन दिलं: धरती देवाची, आपण निस्ते राखणदार, हिरवं झाड तोडणार नाही, चर्चमध्ये रॉकेल जाळणार नाही, पेट्रोमॅक्स बंद. (मीही उभा राह्यलो. मले वाटलं, जेवाले उठले.) अर्पणाच्या लिलावात भोपळे गेले, कोंबडी गेली. मी सायकल उचलाले गेलो तर सोजराबाई म्हणे, "काऊन बे, देवाले देऊन परत नेतं का?" आणि पाद्र्यांची नजर पडली डायनमोवर.

तेव्हापासून सायकल वेदीजवळ स्टँडवर आणि सांजच्या उपासनेले मी तिच्यावर. मी पाय मारतो, डायनमोवर दिवा लागतो, त्या उजेडात पाद्र्यांची बहीण अन्नपूर्णा शास्त्रवाचन करते. परवा माझ्या पोटरीत गोळा आला तर नोहाचं तारू पाण्यातच राह्यलं. आणि उपदेश किती लंबा, मामा. एवढे पाय मारून मी दहा वेळा सोनाळ्याले जाऊन आलो असतो, पण जागचा हललो नाही. जो माणूस एका गावात दोन बाजार राह्यला नाही, त्याले असं खुट्याले बांधावं? धरतीची राखण करता, मग माझ्या पायांची कोण करीन? पाद्री म्हणतात, "पंजाब, तुले रॉकेल लागत नाही." भाकरी लागते ना. सोजराबाईकडे जेवतो, तर ती म्हणते, "याच्यापरीस पेट्रोमॅक्स कमी खात होता."

तेव्हा तुमचा माल तुम्ही सोडवा, आणि मलेही.

तुमचा भाचा,
पंजाब

ता. क. : मामींच्या गुडघ्याचा विचार करता तुम्ही रविवारी येऊ नये. नाताळ होऊ द्या. मी पाय हळू मारले की अन्नपूर्णाबाई वाचता वाचता थांबतात आणि पुस्तकावरून माझ्याकडे पाहतात. उपासनेत मी असा तीन-चार वेळा थकतो.

पुन्हा ता. क. : आलेच तर डायनमोचा नवा बल्ब आणा. आहे तो पिवळा पडला. पुस्तक दिसते, तोंड नीट दिसत नाही.