दुपारचं रक्त

५ सप्टेंबर २०१५
मेकोमला पोचले एकदाची! घरून, मारुआहून बस, मग आगगाडी, मग पुन्हा बस. हाडं खिळखिळी झाली, पण मन हरखून गेलंय. आमच्या उत्तरेत झाड दिसलं की माणसं सावलीला धावतात. इथे झाडांतून आभाळ शोधावं लागतं. शाळेने ओढ्याकाठी खोली दिली आहे. घरमालकीण मा बिलोआ साठीची असेल, आवाज नगाऱ्यासारखा. मला बघून म्हणाली, सरकारकडे मास्तरीण मागितली आणि त्यांनी वाळवंटातली वाळकी शेळी धाडली. मग उकडलेली केळी आणि धुरावलेला मासा पुढे ठेवला आणि मी ताट चाटूनपुसून संपवेपर्यंत समोरून हलली नाही.

२० ऑक्टोबर २०१५
गणिताच्या तासाला तांबूस माशा येतात. अशा चावतात की रक्तच काढतात. आज मी टुणकन उडी मारली तर अख्खा वर्ग खिदळला. मलाही हसू आलं.

१४ जानेवारी २०१७
मनगट टम्म सुजलंय, खाज सुटलीय. मागच्या आठवड्यात कोपर होतं. मा बिलोआ म्हणते, माशीने सोडलेला किडा आहे, गावात सगळ्यांच्याच अंगात असतो. "तो चालतो, आपणही चालायचं." आताशा फार थकायला होतं.

२ मार्च
वह्या तपासताना डावा डोळा चुरचुरला. आरशात पाहिलं. बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागात दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत नाकाकडे सरकत होतं. मी किंचाळले. मा बिलोआने पातेलं ढवळता ढवळताच वाकून पाहिलं. म्हणाली, चोळू नकोस, जाईल पलीकडे. गेलं. पण गेलं म्हणजे माझ्यातच कुठेतरी.

१० मार्च
दवाखान्यात डॉक्टर एसामना भेटले. त्यांनी भर दुपारी रक्त द्यायला बोलावलंय. किड्याची पिल्लं तेव्हाच रक्तात उतरतात म्हणे. किती आहेत ते कळेपर्यंत कसलंही औषध घ्यायचं नाही. फार असली आणि एकदम मेली, तर मेंदूच्या नसांत अडकतात. मी हो म्हटलं.

२९ मार्च
जाणं झालं नाही. गेयेमे मास्तर रजेवर, त्यांचाही वर्ग माझ्याच गळ्यात. भर दुपारी निघणार कशी? आता घोटा सुजलाय. झोप नाही. सगळ्याचाच कंटाळा आलाय.

६ एप्रिल
यूसुफाचं पार्सल आलं. मी फोनवर रडले होते, म्हणून भावाने घरून गोळ्या पाठवल्या. या ओळखीच्याच. नदीकाठच्या माशीने येणाऱ्या आंधळेपणावर दरवर्षी वाटतात, आमची अख्खी गल्ली खाते. अब्बांनी इतकी वर्षं घेतल्या, त्यांना कधी शिंकसुद्धा आली नाही. एसामसाहेब जरा घाबरटच. रक्त नंतर देईन. आधी ही खाज थांबू दे.
घेतल्या.

७ एप्रिल
ताप. सांधे ठणकतायत. डोळे रक्तासारखे लाल. काय खाल्लंस, मा बिलोआने विचारलं. सांगितलं. ती अनवाणीच दवाखान्याकडे पळाली.

८ एप्रिल
एसाम येऊन गेले. म्हणाले, उत्तरेत हा किडा नसतो म्हणून तिथे या गोळ्या बाधत नाहीत; माझ्या रक्तातली पिल्लं एकदम मेलीयत. ओरडले नाहीत — तेच वाईट. मोठ्या इस्पितळाची गाडी मागवलीय, रस्ता वाहून गेलाय, उद्या येईल. अंथरूण ओलं झालं, मला कळलंसुद्धा नाही. मा बिलोआने पुसलं, कपडे बदलले. मी लाजले, तर म्हणाली, गप गं पोरी, शेळ्या काय लाजतात? आणि तोंड फिरवून रडली. मुलांची नावं आठवत नाहीत. हजेरी रोज घेते, तरी —

९ एप्रिल
डोकं. हात माझा पण — दुसऱ्याचा चालतो तसा.
उठवतायत. गाडी. पाय सापडत नाहीत.
मा, हे लिहिलेलं कुणाला दाखवू नका — यूसुफाला नुसतं कळवा. गोळ्यांचं सांगू नका. म्हणावं ताप आला. नुसता ताप. लहान आहे तो, मनाला लावून घेईल, जन्मभर स्वतःला