वरच्या मजल्यावरच्या पुतळ्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा घरगुती शिवणकाम, अविवाहित, या राहत्या घराची एकटी मालकीण, हे माझं शेवटचं इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असतं, पण माझ्या बाबतीत त्याला जरा जास्त वजन आहे, कारण माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, गेली कित्येक वर्षं गल्लीभर उलटं सांगत फिरतो. म्हणून आमच्या डॉक्टरांना साक्षीदार केलं आहे. त्यांनी मला वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले आणि शेवटी स्वतःच्या शर्टाची उसवलेली बाही माझ्याकडून शिवून घेतली. टाके सरळ आले हे त्यांनी पाहिलं आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तरी मी जुमानला नसता, हे दादासुद्धा शपथेवर सांगेल.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते वकिलांनी वाचून हसत परत दिलं. ते रद्द समजावं.

कलम पहिलं, घर. बाबांनी वाटणी करताना दुकान दादाला दिलं आणि हे घर मला. खालचा मजला मी माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला देते. ती शाळेत विज्ञान शिकवते, मोजकं बोलते, आणि मी सांगते ते खोटं आहे असं ती अजून एकदाही म्हणालेली नाही. खरं आहे असंही म्हणालेली नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. वरचा मजला, जिन्यासकट आणि शिवणाच्या खोलीसकट, मी माझ्या धाकट्या बहिणीला देते. तिला घरात सगळे धाकटीच म्हणत, मीही इथे तसंच लिहिते.

यावर वकिलांचं आणि माझं बोलणं झालं ते नोंदवून ठेवते.

"ताई, तुमची बहीण घर सोडून गेली त्याला जमाना झाला. ती हयात असल्याचा पुरावा काय?"

"वर चला, दाखवते."

"मागच्या वेळीही तुम्ही मला वर नेऊन तो पुतळाच दाखवला होता."

"मग या वेळी नीट बघा."

ते वर आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. पण या वेळी हसलेही नाहीत, आणि कागदात 'धाकटी बहीण, हयात' असं त्यांनी लिहू दिलं.

कलम दुसरं, हाताने केलेल्या वस्तू. धाकटीला लहानपणापासून एक खोड होती. काही नवीन दिसलं की माझ्याकडे बघून म्हणायची, "ताई, तुला जमायचं नाही." झालं, माझं डोकं फिरायचं. ती गेल्यावरही मी ही सवय सोडली नाही; स्वतःच स्वतःला जमायचं नाही म्हणायचं आणि कामाला लागायचं. त्यातून घरात जे जमलंय त्याची वाट अशी लावावी. वेताने विणलेली खुर्ची वकिलांना, गुडघ्यांसाठी. छत्री भाचीला, ती उघडते छान, फक्त मिटत नाही. स्वतः ओतलेला साबण कोणी वापरू नये, त्याने माझ्या हाताची सालं निघाली होती. मी शिवलेले चामड्याचे बूट दादाला देते. ते त्याच्याच मापाचे आहेत. त्याला ते चावतात, आणि चावावेत म्हणूनच मी टाच तशी ठेवली होती, हे आता सांगायला हरकत नाही. शिवणाचं मशीन, कात्र्या आणि उरलेलं सगळं कापड धाकटीला. बँकेत जे आहे त्यातून वरच्या मजल्याचं छप्पर गळू देऊ नये; ओल तिथे चालत नाही. कारण खाली येतंच आहे.

कलम तिसरं, पुतळा. हे कलम लांबलं आहे, पण काटछाट करू नये.

शिंप्याच्या दुकानात कपडा चढवून बघायला धडाचा पुतळा असतो, तसा विकतचा घ्यायची आमची ऐपत नव्हती. धाकटी म्हणाली, "ताई, घरी करायचं तुला जमायचं नाही." मग आम्ही दोन केले, एक तिच्या अंगाचा आणि एक माझ्या. जुना बनियन घालून उभं राहायचं, दुसरीने वरून डिंकाच्या कागदी पट्ट्या ओल्या करून गुंडाळत जायचं, मानेपासून मांड्यांपर्यंत, थरावर थर. वाळलं की पाठीवरून कात्रीने चिरून अंगातून बाहेर यायचं, चीर पुन्हा चिकटवायची आणि आत चिंध्या ठासून लाकडी दांड्यावर उभं करायचं. चिंध्या म्हणून आमचेच जुने फ्रॉक फाडले. मी घातलेले, मग तिने घातलेले. कुणाच्या पुतळ्यात कुणाचं काय गेलं हे आम्हांलाही सांगता आलं नसतं.

चूक एकच झाली, आणि ती माझी आणि तिची सारखीच. गुंडाळताना ती सारखी हसत होती, पट्ट्या सुटत होत्या. मी ओरडले, "श्वास धरून ठेव!" तिने धरला. माझ्या वेळी तिनेही मला तेच सांगितलं. म्हणून दोन्ही पुतळे आमच्यापेक्षा बोटभर मोठे झाले. घरी पुतळा करणाऱ्या सगळ्याच बायकांची ही चूक होते, पुढे कपडे ढगळ येतात, इतकंच. आमच्याकडे मात्र त्या बोटभर रिकाम्या जागेत काहीतरी येऊन राहिलं. काय, ते मला माहीत नाही.

पुढे धाकटीला लांबच्या शहरात नाटकांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. दादा म्हणाला, "उंबरठा ओलांडलास तर आमच्यासाठी मेलीस." ती म्हणाली, "बरं." एका हातात बॅग आणि काखेत माझा पुतळा घेऊन ती भर सकाळी निघून गेली. शेजाऱ्यांना वाटलं, गिऱ्हाइकाकडे काम पोचवायला चालली आहे. तिचा पुतळा तिने मला ठेवला. पत्र तिने कधी पाठवलं नाही, ती दादाचीच बहीण आहे. पुढे वाटणीच्या कागदावर दादाने तिच्या नावापुढे 'मयत' लिहिलं. मी त्याखाली सही केली नाही. दादा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. ते वर्ष मला फार सुखाचं गेलं.

त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाचं जाकीट पुतळ्यावर चढवताना बटण लागेना. कागदाने ओल धरली असेल म्हणून मी तो खिडकीशी उन्हात ठेवला. आठवड्याने पाहिलं तर आणखी घट्ट. मग पोट पुढे यायला लागलं. एकदा वहिनी चहा घेऊन वर आली, पुतळ्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई, हिला दिवस गेलेत की काय?" आणि हसली, आणि हसता हसता थांबली. त्यानंतर वहिनी या खोलीत कधी आली नाही.

एक दिवस सकाळी उठून पाहते तर पुतळ्याच्या अंगातला झगा सैल लोंबत होता, आणि छातीपाशी कापड ओलं होतं. दोनच जागी. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले, आनंदाने. त्याच दिवशी एक झबलं शिवलं. ते पेटीत तळाशी आहे. ज्याचं आहे त्याला आता चष्मा लागला असेल, तरी ते त्यालाच द्यावं.

तेव्हापासून मी त्या पुतळ्यावर दर वर्षी एक पोलकं शिवत आले. ती सगळी कपाटात ओळीने टांगली आहेत. भाचीने ती एकावर एक ठेवून बघावीत. बाईचं अंग कसं भरतं, कसं सुटतं, पाठ कधी वाकायला लागते, हे त्यात दिसतं. ते माझं अंग नाही. मी जन्मभर काडी.

बाबा गेल्यावर घराचं रंगकाम काढलं तेव्हा दादाने खोली रिकामी करायची म्हणून पुतळा जिन्यावरून खाली फेकला. डावा खांदा चेपला. मी आतून वाफ देऊन तो बाहेर काढला, पण पुढचे काही महिने तो खांदा वर चढलेलाच राहिला आणि दंडाची बाजू उतरत गेली. हात गळ्यात बांधलेल्या गिऱ्हाइकांचे कपडे मी शिवले आहेत. असा खांदा मला ओळखता येतो. दादाला सांगितलं, "तू तिचा हात मोडलास." तो पांढरा पडला, आणि मग ओरडला, "वेड लागलंय तुला! तू गेलीस की पहिली ती बाहुली अंगणात नेऊन जाळणार आहे मी!" हे तो अजूनही म्हणतो. माझी प्रकृती बिघडल्यापासून जास्तच म्हणतो.

तरी असं ठरवते. पुतळा आहे त्या खोलीत, आहे त्या जागी राहील. त्याला टाचणी लावू नये, दोरी बांधू नये, पेटीत कोंडू नये. अंगात कपडा असावा, थंडीत दोन. खालच्या ज्या खोलीत दादा दुकानाचा माल ठेवतो ती त्याने हयातभर वापरावी. पुतळ्याला इजा झाली तर त्याच दिवशी रिकामी करावी. परवा डॉक्टर इथे आले तेव्हा पुतळ्याला हात टेकून उभे राहिले आणि चटकन हात काढून म्हणाले, "ऊन लागलंय वाटतं याला." खिडकी बंद होती.

कलम चौथं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी खोलीत एकटीच काज करत बसले होते, तेव्हा माझ्या छातीभोवती टेप फिरला. थंडगार. अंग चोरून घेतलं मी. मग कमरेला, मग खांद्यापासून खांद्यापर्यंत. ज्या क्रमाने आम्ही दोघी माप घ्यायचो त्याच क्रमाने. आणि आवळून. धाकटी टेप नेहमी आवळते. बोट आत ठेव म्हणून तिला शंभरदा सांगितलं असेल. मी हलले नाही. भीती वाटली, खूप वाटली, पण ती निघून जाईल याची भीती जास्त होती.

मग ते वर्षातून एकदा व्हायला लागलं. मी आजारी पडून अंगावरचं मांस झडायला लागल्यापासून महिन्याने, आणि आता रोज. डॉक्टरांचा काटा खोटं बोलेल, पण ती चुकत नाही. कमरेपाशी टेप थांबतो, सैल होतो, पुन्हा लागतो, मन मानत नसल्यासारखा. मागच्या आठवड्यात पाठीत कळ आली तेव्हा नेमका तिथे एक तळहात येऊन टेकला आणि दुखायचं थांबेपर्यंत राहिला. मला माझी बहीण हवी होती. एवढी वर्षं हवी होती. ती तिथे आहे आणि मी इथे, आणि मला तिच्याकडे वळून बघता येत नाही.

म्हणून मी गेल्याचं तिला कळवायची खटपट करू नये. तिला तुमच्या आधी कळेल. ती आली तर भाचीने तिला सरळ वर जाऊ द्यावं.

कलम पाचवं, माझा देह. हे शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं.

एकदा पुतळ्याच्या कमरेवर इस्त्रीच्या टोकाएवढा करपट डाग उमटला होता. हात लावला तर कागद चटका बसण्याइतका तापलेला, आणि वरच्या पोलक्याला जळून भोक पडलेलं. तिला तिकडे इस्त्री लागली होती आणि इकडे कापड जळलं होतं. म्हणजे जे अंगावर येतं ते पुतळ्यावर नुसतं दिसत नाही, तिथे तसंच घडतं. माझा पुतळा तिच्या घरात आहे. कागद, चिंध्या आणि लाकूड. जन्मभर कपडे शिवणाऱ्या बाईची खोली, म्हणजे भोवती कापडाचे ढीग. घरात नातवंडं असतील.

आता मला विद्युतदाहिनीत घातल्यावर तिथे काय होईल, याचा विचार करा.

मला जाळू नये. पुरावं. कोणी काहीही म्हणो, नातेवाईक नावं ठेवोत, भाचीने मागे हटू नये. वकील म्हणतात, देहाबद्दल लिहिलेलं घरच्यांवर बंधनकारक नसतं. शेवटचा शब्द सर्वांत जवळच्या नातेवाइकाचा. तो दादा आहे. म्हणून हा कागद मी आज त्याच्याकडे वाचायला पाठवत आहे. त्याने खाली स्वतःच्या हाताने संमती लिहावी. मी त्याला जन्मात कधी काही मागितलेलं नाही. आज मागते.

येथवर लिहिलेलं मी वाचून, समजून सही केली आहे.

सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार एक: डॉक्टर, समोरच्या इमारतीतला दवाखाना. सही.

साक्षीदार दोन: वकील. सही. (ही सही वरच्या मजल्यावर, शिवणाच्या खोलीत केली आहे.)

ठिकाण: राहतं घर.
दिनांक: ९ जानेवारी.

संमती: मी, लिहून ठेवणारीचा थोरला भाऊ, वरचा मजकूर दोनदा वाचला. बूट चावतात. बाकीच्या गोष्टींबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी जाळणार नाही. दोघींपैकी कोणालाच.

सही: दादा.