स्वयंपाक लिहिलेला चौकोन

अप्पा,

१९९२ सालच्या अक्षय्य तृतीयेला, सकाळी सव्वाअकरा वाजता, बिदरच्या आपल्या प्लॉटवर, माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही माझी खिडकी खोडलीत. तक्रार करायची तर आधी दिवस, वेळ आणि जागा लिहावी, असं कॉन्व्हेंटात सिस्टरनं शिकवलं होतं. त्या शाळेत तुम्हीच घातलंत मला, तेव्हा आता ऐकून घ्या.

घराचा नकाशा तुम्ही स्वतः काढला होता. मी तेव्हा गुलबर्ग्याला पाटबंधारे खात्यात पगार घेऊन हेच काम करत होते, पण घरच्या पोरीला कोण विचारतंय? तुमची बैठक त्या कागदावर नवरीसारखी सजली होती. सागवानी दार, त्यावरच्या पितळी फुल्या, हैदराबादहून आणायची कडी, पंख्याचा हूक, सगळं मापासकट. आणि मागच्या बाजूला एक चौकोन, त्यात एकच शब्द, स्वयंपाक. मी पूर्वेच्या भिंतीत पेन्सिलीनं खिडकी काढते, तुम्ही खोडरबर मागता. "आत्ताच कामून ठरवायलीस? ते मिस्त्री बघंल की." चार माणसं हसली. आई पाण्याचे तांबे घेऊन उभी होती, ती हसली नाही.

मिस्त्रीनं बघितलं ते असं. ओटा आईच्या छातीपर्यंत आला, भाकरी थापायला ती शेवटपर्यंत पाटावर उभी राहिली. धूर जायला छताशी एक वीतभर झरोका. गिलावा होऊन गेल्यावर मी गुलबर्ग्याहून आले, मिस्त्रीला झापलं तर तो म्हणाला, "अक्का, मालकानं सांगितलंच न्हाई." आई आतून म्हणाली, "मालकाला तरी कुणी इचारलं? आन् मला कोण इचारायलंय?"

तुम्ही गेल्यावर मी पुण्याला एका कंपनीत लागले. निवृत्तीआधीच्या वर्षांत तिथं कागद गेला, अख्खी इमारत कॉम्प्युटरवर उभी राहू लागली. त्यातल्या प्रत्येक वस्तूला, म्हणजे भिंत, दार, नळ, सगळ्याला, एक पातळी द्यायची. इथं काहीतरी येणार एवढंच ठाऊक असेल तर शंभर. अंदाजे आकार आला की दोनशे. माप आणि जागा पक्की झाली की तीनशे. कशी बनवायची, कशी बसवायची तेही ठरलं की चारशे. आणि बांधून झाल्यावर जागेवर जाऊन मोजून खात्री केली की पाचशे. शिवाय ती वस्तू कुणी ठरवली, त्याचं नाव. चित्र कितीही देखणं असो, पातळी शंभर म्हणजे शंभर. आणि एकाच घरात दार चारशेवर आणि चूल शंभरावर असू शकते, हे ऐकलं तेव्हा शिकवणाऱ्या पोरासमोर मी मोठ्यानं "व्हय!" म्हणाले. सगळे वळून बघायला लागले. वीस वर्षांचा राग होता माझा, त्याला त्या दिवशी नाव मिळालं. तुम्ही आईला शंभरावर ठेवलंत, अप्पा.

आता घराची दुरुस्ती चाललीय. धाकट्याची मुलगी इंजिनिअर आहे, तिनं जुनं घर कॉम्प्युटरवर चढवायला घेतलंय. मी तिला बजावलं, जुन्या कागदावर विश्वास ठेवू नकोस, हातानं मोज. परवा ती स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीवर टकटक करते आणि ओरडते, "आत्या, इकडं या! हितं पोकळ वाजायलंय." गवंड्यानं गिलावा खरवडला. आत जांभ्या दगडात पुरती चौकट. वर भार पेलायला आडवं लिंटल, खाली घडीव उंबरा, आणि मधली जागा विटांनी बुजवलेली.

"खिडकीच हाय की," पोरगी म्हणाली. "बांधली, आन् मग बुजवली?"

मी टेप लावला. मी काढली होती तिथंच. तीच रुंदी, कोपऱ्यापासून तेवढंच अंतर.

आता सांगा. ती जागा तुम्ही खोडलेल्या कागदाखेरीज कुठंच नव्हती. खोडलेल्या रेघा मिस्त्रीनं उजेडात धरून वाचल्या म्हणावं, तर आपल्या मनानं लिंटल टाकायची त्याची छाती नव्हती. आणि तुम्हीच त्याला सांगितलं असेल, तर बुजवली कुणाच्या सांगण्यावरून? शेजाऱ्यानं हरकत घेतली? तुमचं मन पुन्हा फिरलं? मिस्त्री केव्हाच वारला. धाकट्याला काही आठवत नाही. आईला विचारायला आई नाही.

भाचीनं खिडकी पाचशेवर टाकली, हातानं मोजलेली म्हणून. पुढं नाव लिहायची जागा आहे. "आत्या, कुणी ठरवलेली लिहू? तुमचं लिहू का आजोबांचं?" मी म्हटलं, थांब.

तर तुमचा खुलासा मला लेखी हवा आहे. सोमवारी दुपारी बारानंतर भाचीचं हे कॉम्प्युटरवरचं घर ठेकेदाराकडे जाणार, त्याच्या आत हवा. मिस्त्री बघंल, हे उत्तर चालणार नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मलाही कळतं. पण मुदत ती मुदत. आणि खरं सांगायचं तर, अप्पा, तिथं तुमचंच नाव लिहायला मिळावं असं मला फार वाटतंय.